वाडीचा माळ आणि खडकीचें इंजिन

पुण्याहून मुंबईच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शिवाजीनगर मागें पडल्यावर थोड्याच वेळांत खडकीची हद्द लागते. शाळेंतील मुलांना हें नांव प्रथम भेटतें तें इतिहासाच्या पुस्तकांत, आणि तेंहि एका पराभवाच्या निमित्तानें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं बापू गोखल्यांच्या हाताखालीं पेशव्यांचें सैन्य येथें इंग्रजांशीं लढलें, आणि त्याच महिन्यांत शनिवारवाड्यावर परक्यांचें निशाण चढलें. पुढें १८६९ सालीं इंग्रज सरकारनें खडकीस दारूगोळ्याचा कारखाना काढला. त्याच १८६९ सालच्या जून महिन्यांत, खडकीपासून दूर बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं, काशिनाथपंत किर्लोस्कर नांवाच्या वेदान्ती गृहस्थांच्या घरीं एक मुलगा जन्मला. त्याचें नांव लक्ष्मण. या दोन घटनांचा त्या वेळीं एकमेकींशीं कांहींच संबंध नव्हता. परंतु सत्याहत्तर वर्षांनीं, म्हणजे १९४६ सालीं, त्या मुलाच्या मुलानें याच खडकीच्या माळावर तेलावर चालणारीं इंजिनें बनविण्याचा कारखाना घातला. तो मुलगा म्हणजे शंतनुराव किर्लोस्कर.

शंतनुरावांची कारकीर्द एका धंद्याची नाहीं. नांगर, पंप, लोखंडी खुर्च्या, लेथ, इंजिनें, विजेच्या मोटारी, हवा दाबणारीं यंत्रें, इतकेंच काय पण एक पंचतारांकित हॉटेलसुद्धां, असा त्यांच्या उद्योगांचा पसारा आहे. नुसती यादी ऐकली तर वाटेल, कीं हा मनुष्य जें हातीं लागेल तें करीत सुटला असावा. परंतु त्या यादीच्या आंत एक सूत्र आहे, आणि तें उलगडावयाचें तर खडकीहून आधीं मागें, वाडीच्या माळावर, जावें लागतें.

लक्ष्मणरावांना चित्रकार व्हावयाचें होतें. त्यासाठीं ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पण डोळ्यांत कांहीं रंग ओळखण्याचा दोष निघाला आणि रंगांचा मार्ग बंद पडला. मग त्यांनीं यांत्रिक रेखाकलेचा अभ्यास केला व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची नोकरी धरली. तेथें हक्काची बढती डावलली जातांच त्यांनीं नोकरी सोडली. बेळगांवास वडील बंधु रामूअण्णा यांच्यासह सायकली विकण्याचें दुकान काढलें, कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं, आणि अखेर लोखंडी नांगर घडविला. त्या नांगरानें जमिनींत विष कालवलें जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं! पुढें बेळगांवच्या कारखान्याची जागा नगरपालिकेस हवी झाल्यानें सोडावी लागली. अशा अडचणीच्या वेळीं औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि पाठीशीं उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर ओसाड जमीन मिळाली. निवडुंग, खडक आणि साप यांशिवाय तेथें कांहीं नव्हतें. १९१० सालीं त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

त्या वेळीं शंतनुराव सात वर्षांचे होते. २८ मे १९०३ रोजीं सोलापुरास त्यांचा जन्म झाला. ज्या वयांत इतर मुलें तयार घरांत, तयार गल्लींत खेळतात, त्या वयांत या मुलानें घरें बांधतांना पाहिलीं, विहीर खणतांना पाहिली, भट्टी पेटतांना पाहिली. रात्रीच्या पहाऱ्यास त्याच्या वडिलांनीं शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगारांना नेमलें होतें. आणि ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीत नसे, त्यांच्या पहाऱ्यांत वाडी सुखानें झोंपत होती. शिवाशिवीस तेथें थारा नव्हता. माणसास काम द्यावें, कामावर विश्वास टाकावा, म्हणजे माणूस उभा राहतो, हा धडा त्या मुलास पुस्तकांतून नव्हे तर अंगणांतून मिळाला. पुढें उतारवयांत त्यांनीं इंग्रजींत आत्मचरित्र लिहिलें, त्याचें नांव ‘कॅक्टस अँड रोझेस’, म्हणजे निवडुंग आणि गुलाब, असें ठेवलें. ऐंशीच्या घरांतील मनुष्यास आयुष्याचें नांव शोधतांना तोच माळ आठवला, यांत नवल नाहीं.

१९२२ च्या सुमारास शंतनुराव व त्यांचे चुलतभाऊ माधव यांस अमेरिकेस पाठविण्याचें ठरलें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही तेथील नामांकित तंत्रसंस्था. पुण्यास तिचें नांव अगदींच अपरिचित नव्हतें. केशव मल्हार भट हे पुणेंकर गृहस्थ १८८२ सालींच तेथें शिकावयास गेले होते. तरीहि लहानशा संस्थानांतील एका वाडींतून दोन कोंवळ्या मुलांना समुद्रापार धाडणें हें त्या काळीं घराच्या दृष्टीनें केवढें धाडस असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. धाडसाची किंमतहि द्यावी लागली. माधवास परदेशांतच क्षयानें गांठलें, आणि दोघे गेलेल्यांपैकीं एकच परत आला. १९२६ सालीं शंतनुरावांस यंत्रशास्त्राची पदवी मिळाली. ज्या बोटीवर दोघांच्या हंसण्याखिदळण्याचा आवाज होता, त्या मार्गानें एकट्यानें परतणाऱ्या त्या तेवीस वर्षांच्या तरुणाच्या मनांत काय चाललें असेल, तें शब्दांत सांगण्याचें कारण नाहीं.

परत आल्यावर त्यांस वाडींतील कारखान्यांत काम मिळालें. त्याच १९२६ च्या सुमारास किर्लोस्करांचा पाणी उपसण्याचा पंप बाजारांत आला होता. पुढें लवकरच जगभर मंदीची लाट आली. शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातांत पैसा राहिला नाहीं, आणि ज्याचा सारा खप शेतकऱ्यावर अवलंबून, त्या कारखान्यावर संकट ओढवलें. अशा वेळीं दोन मार्ग असतात: माणसें कमी करावयाचीं, नाहीं तर त्याच माणसांच्या हातांस दुसरें काम शोधावयाचें. किर्लोस्करांनीं दुसरा मार्ग धरला. पत्रा वांकवून लोखंडी खुर्च्या, टेबलें, कपाटें करण्यास सुरुवात झाली. नांगराचा ग्राहक खेड्यांत होता. खुर्चीचा ग्राहक शहरांत, कचेऱ्यांत आणि इस्पितळांत होता. नंतर यंत्रें घडविणारें यंत्र, म्हणजे लेथ, हातीं घेतला. उद्योगांच्या विविधतेचा उगम येथें आहे. ती हौस नव्हती. एका पिकावर सारी भिस्त ठेवूं नये, हा शेतकऱ्याचाच जुना शहाणपणा यंत्रशाळेंत आला होता.

दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि परदेशांतून येणारा माल आटला. तोपर्यंत या देशांत डिझेल इंजिन म्हटलें, कीं बहुतेक करून इंग्रजी नांव डोळ्यांपुढें येई. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिन देशांत बनवून दाखविलें होतें, आणि त्या पूर्वसूरींचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु एक इंजिन करून दाखविणें निराळें, आणि एकाच्या जागीं दुसऱ्याचा सुटा भाग बसेल अशीं हजारों इंजिनें करणें निराळें. शंतनुरावांच्या मनानें या दुसऱ्या गोष्टीचा ध्यास घेतला.

ही गोष्ट एवढी अवघड कां, हें समजण्यासाठीं डिझेल इंजिनाची करामत थोडी पाहिली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें १८९७ सालीं आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. मोटारींतील पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून तेलाची वाफ पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. तेथें दट्ट्या वर चढतो आणि नळकांड्यांतील हवा मूळच्या सुमारें पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याइतकी दाबून टाकतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें तोंड गरम झालेलें सर्वांनीं अनुभवलेलें आहे. तीच गोष्ट येथें शेंकडोंपटींनीं होते, आणि हवा पांचशें अंशांच्याहि वर तापते. त्या तापलेल्या हवेंत अगदीं नेमक्या क्षणीं तेलाचा बारीक फवारा सोडला, कीं तें आपोआप पेट घेतें व दट्ट्यास खालीं ढकलतें. ऐकावयास हें सोपें. पण दट्ट्या आणि नळकांडें यांमध्यें केसभर जास्त फट राहिली, तर दाब निसटतो आणि इंजिन पेटतच नाहीं. फवारा सोडणाऱ्या पंपांतील भागांची मापें तर केसाच्या जाडीच्याहि लहानशा अंशापर्यंत सांभाळावीं लागतात. नांगर लोहार घडवूं शकतो. इंजिन घडविण्यास नुसता लोहार पुरत नाहीं. मोजणारा, तपासणारा आणि ‘चालेल’ या शब्दाची चीड येणारा असा नव्या जातीचा कारागीर लागतो.

असा कारागीर तयार व्हावा कोठें? वाडी प्रिय असली, तरी तिच्या मर्यादा उघड होत्या. कुंडल रोडवरून जाणारी पुणें-मिरज रेल्वे त्या काळीं अरुंद मीटर गेजची होती. मुंबईकडचा माल पुण्यास उतरवून पुन्हां दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. उलट खडकी मुंबई-पुणें या रुंद रेल्वेमार्गावर, आणि तो मार्ग विजेवर चालूं लागून पंधराहून अधिक वर्षें झालीं होतीं. मुंबईचें बंदर जवळ, वीज हाताशीं; दारूगोळ्याच्या कारखान्यामुळें यंत्रावर काम केलेल्या माणसांची वस्ती आसपास; आणि पुण्यांत अभियांत्रिकी महाविद्यालय. १९४६ सालीं ‘किर्लोस्कर ऑईल एंजिन्स’ ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा संसार खडकीस मांडला गेला. त्याच वर्षीं धाकटे बंधु रविराव यांच्या देखरेखीखालीं बंगलोरास विजेच्या मोटारींची ‘किर्लोस्कर इलेक्ट्रिक’ निघाली. त्यापूर्वीं १९४१ मध्यें म्हैसूर संस्थानांत हरिहर येथें लेथ बनविणारा कारखाना सुरू झालेलाच होता.

दोन मोठे कारखाने एकाच वर्षीं काढावयाचे म्हणजे पैसा पाहिजे. तो कोण्या एका कुबेराकडून आला नाहीं. कंपन्यांचे भाग जनतेपुढें मांडले गेले. आपल्याकडील पांढरपेशा कुटुंबांतील बचतीच्या वाटा तोंवर ठरलेल्या होत्या: थोडें सोनें, थोडें पोस्टांत, जमल्यास घराची जागा. कारखान्याच्या भागांत पैसे घालणें म्हणजे सट्टा, अशी साधारण समजूत. या समजुतीस तडा देण्याचें काम किर्लोस्करांसारख्यांच्या कंपन्यांनीं केलें. परंतु यांत एक नवी जबाबदारीहि आली. स्वतःचा पैसा बुडाला तर मनुष्य एकटा रडतो. दुसऱ्याच्या घामाची बचत बुडाली तर शाप लागतो. खडकीच्या माळावर उभें राहणारें यंत्र चाललें पाहिजे, हा आतां एका कुटुंबाच्या नांवाचा प्रश्न राहिला नव्हता.

शंका घेणारेहि थोडे नव्हते. परदेशी इंजिन नांवाजलेलें आहे, तें बंदरावर तयार मिळतें, मग येथें खटाटोप कशाला? स्वदेशीच्या भावनेनें लोक एकदां माल घेतील, पण इंजिन भर उन्हाळ्यांत बंद पडलें आणि ऊस वाळला, तर त्या शेतकऱ्यास देशभक्ति कोण ऐकविणार? या आक्षेपांत तथ्य होतें. म्हणूनच शंतनुरावांनीं भावनेवर भरंवसा ठेवला नाहीं. त्यांनीं इंग्लंडांतील इंजिनकारांशीं तांत्रिक सहकार्याचा करार केला. जें येत नाहीं तें शिकावयाचें, त्याची रास्त किंमत द्यावयाची, आणि शिकून झाल्यावर स्वतःच्या पायांवर उभें राहावयाचें, ही त्यांची रीति. शिकण्यांत अपमान मानावयाचा नाहीं आणि कायमचें शिष्यत्वहि पत्करावयाचें नाहीं, हा तोल त्यांनीं पुढेंहि संभाळला.

कारखाना पुरता रुजतो न रुजतो तोंच १९४८ साल उजाडलें. महात्मा गांधींच्या वधानंतर महाराष्ट्रांत जी जाळपोळ झाली, तिच्यांत किर्लोस्करवाडी सांपडली. अडतीस वर्षें खपून उभा केलेला कारखाना जमावानें पेटवून दिला. ज्या माळावर माणसांस माणसें म्हणून वागविण्याचा प्रयोग चालला होता, त्याच माळावर ही आग लागावी, हा दैवदुर्विलास होय. लक्ष्मणराव त्या वेळीं ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. राख पाहून हाय खाण्याचें तें वय. पण वाडी पुन्हां उभी राहिली, भट्ट्या पुन्हां पेटल्या आणि पंप पुन्हां बाहेर पडूं लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणरावांनीं देह ठेवला, तोंवर त्यांनीं वाडी सांवरलेली आणि खडकी बहरूं लागलेली, दोन्ही पाहिली.

खडकीच्या इंजिनानें काय केलें, हें पाहावयाचें तर कारखान्यांत न जातां एखाद्या विहिरीवर जावें. त्यापूर्वीं विहिरीवर मोट चाले. पहांटे बैल जुंपावयाचे, धांवेवर वर-खालीं फिरवावयाचे. चामड्याची मोट भरून येई, थारोळ्यांत रिती होई. बैल थकत, माणूस थके, आणि ऐन चैत्र-वैशाखांत, जेव्हां पाण्याची गरज सर्वांत अधिक, तेव्हां बैलांची शक्ति सर्वांत कमी. आतां पांच अश्वशक्तीच्या इंजिनाचा हिशेब करूं. एक अश्वशक्ति म्हणजे सुमारें ७४६ वॉट. पांच अश्वशक्तीनें पाणी दहा मीटर उंच चढवावयाचें, तर तात्त्विक गणितानें सेकंदाला सुमारें ३८ लिटर पाणी चढेल. पंप, नळ आणि घर्षण यांत अर्धी शक्ति वायां गेली असें धरलें, तरी सेकंदाला १९ लिटर, म्हणजे तासाला सुमारें ६८ हजार लिटर पाणी वर येतें. आणि इंजिनाला वैशाखांत दम लागत नाहीं.

मात्र यंत्राचीहि एक मर्यादा असते. पंप पाणी वर ओढतो तें खरें पाहतां बाहेरच्या हवेच्या दाबानें चढतें, आणि तो दाब शास्त्राप्रमाणें सुमारें दहा मीटर आणि व्यवहारांत सहा-सात मीटरच पाणी चढवूं शकतो. म्हणून खोल विहिरींत मध्यावर कपार किंवा ओटा करून पंप-इंजिन खालीं उतरवावें लागे. अशा विहिरींतून येणारा तो ठक्-ठक् आवाज एकेकाळीं महाराष्ट्राच्या शिवारांचा सकाळचा आवाज होता. ऊस, द्राक्षें, भाजीपाला यांच्या बागायतींत त्या आवाजाचा वांटा मोठा आहे. ज्या गांवीं वीज पोंचली नव्हती, तेथें पिठाची गिरणीहि त्याच इंजिनावर चाले, आणि पहांटे जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या हातांस त्यामुळेंच थोडी विश्रांति मिळाली. इंजिनाचें श्रेय मोजतांना या न मोजलेल्या विश्रांतीचीहि नोंद झाली पाहिजे. त्याबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे, कीं उपसा सोपा झाल्यामुळें जमिनींतील पाण्याची पातळी खालावण्याचा प्रश्नहि पुढें उभा राहिला. यंत्र शक्ति देतें. ती किती वापरावी याचा विवेक यंत्र देत नाहीं.

खडकी स्थिरावल्यावर शंतनुरावांनीं एका कारखान्यावर संतोष मानला नाहीं. १९५८ मध्यें हवा दाबणाऱ्या यंत्रांसाठीं ‘किर्लोस्कर न्यूमॅटिक’ निघाली. १९६२ मध्यें अमेरिकेंतील कमिन्स या इंजिनकंपनीशीं भागी करून कोथरूड येथें मोठ्या इंजिनांचा कारखाना सुरू झाला. परदेशी पाहुणे पुण्यास येऊं लागले, पण त्यांस उतरावयास साजेशी जागा नाहीं, हें ध्यानीं येतांच ब्ल्यू डायमंड हॉटेलाची उभारणी झाली. दुसरे लोक ज्यास अडचण म्हणत, त्यांत हा गृहस्थ धंदा पाही.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसऱ्यांस धंद्यांत ओढण्याची त्यांची वृत्ति. इंजिनाचा जो दांडा सर्व जोर झेलतो, तो ठोकून घडवावा लागतो. असे ठोकीव भाग देशांत बनले पाहिजेत, यासाठीं शंतनुरावांनीं आपले स्नेही नीळकंठराव कल्याणी यांच्या पाठीशीं लागून त्यांस या धंद्यांत उतरण्याची उमेद दिली. त्यांतून १९६१ मध्यें ‘भारत फोर्ज’ कंपनी निघाली आणि पुढें पुण्याजवळ मुंढवा येथें तिचा कारखाना उभा राहिला. आज जगभरच्या मोटारधंद्यांत त्या नांवास मान आहे. सर्व कांहीं आपणच करावें, अशी हांव असणारा कारखानदार असा सल्ला देत नाहीं. पैसे गुंतविणारे पुष्कळ असतात. माणसांत विश्वास गुंतविणारे थोडे. खरा गुंतवणूकदार कोण, हें या उदाहरणावरून ठरवावें.

१९६५ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण हा किताब दिला. त्याच सुमारास हिंदी व्यापारी-उद्योगपतींच्या महासंघाचें, म्हणजे फिक्कीचें, अध्यक्षपदहि त्यांच्याकडे आलें. परंतु किताब मिळाला म्हणून जीभ आवरावी, असें त्यांस कधीं वाटलें नाहीं. परवाने, कोटे आणि नियंत्रणें यांच्या राज्यावर ते उघड टीका करीत. किती माल काढावा, कोणतें यंत्र आणावें, किती भांडवल वाढवावें, या प्रत्येक गोष्टीस दिल्लीचा शिक्का लागावा, हें त्यांस मान्य नव्हतें. त्यांच्या मतांशीं सर्वांचें पटलें असें नाहीं. धनवंतांच्या हातीं सत्ता एकवटूं नये म्हणून सरकारनें अंकुश ठेवला पाहिजे, असें प्रामाणिकपणें मानणारे लोकहि तेव्हां पुष्कळ होते, आणि त्यांची भीति निराधार नव्हती. मात्र शंतनुराव जें बोलत तें उघडपणें, स्वतःच्या नांवानें बोलत. १९९१ सालीं देशाच्या आर्थिक धोरणानें वळण घेतलें आणि परवान्यांचा बराचसा पसारा आवरला गेला, तेव्हां ते अठ्ठ्यायशीं वर्षांचे होते.

परोपकाराच्या बाबतींत या घराण्याची कल्पना जरा निराळी होती. अन्नछत्र घालावें, देवळास कळस चढवावा, ही आपल्याकडील दानाची रूढ वाट. तीहि वाईट नव्हे. किर्लोस्करांनीं कारखान्याभोंवतीं गांव वसविलें. घरें, शाळा, पाणी यांची सोय केली. त्याच वाडींतून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखालीं १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. पुढें १९३० मध्यें ‘स्त्री’ आणि १९३४ मध्यें ‘मनोहर’ हीं मासिकें आलीं. अंधश्रद्धा, विधवांचे हाल, स्त्रियांचें शिक्षण यांविषयीं त्या पानांनीं मराठी घरांत जो विचार नेला, तो पैशांत मोजतां येणारा नाहीं. हरिहर येथें व्यवस्थापनशास्त्राची संस्थाहि पुढें किर्लोस्करांच्या नांवें उभी राहिली. हातास काम, डोक्यास विचार आणि पुढच्या पिढीस शिक्षण, असें हें त्रिविध दान होतें. भीक घातल्यानें मनुष्य एक दिवस जेवतो. कसब दिल्यानें तो जन्मभर जेवतो आणि मान ताठ ठेवून जेवतो, हें तत्त्व वाडीच्या पहारेकऱ्यांपासून खडकीच्या कारागिरापर्यंत सारखेंच दिसतें.

एवढें यश लाभलेल्या मनुष्याच्या वांट्यास दुःखें आलीं नाहींत असें नाहीं. तारुण्यांत माधव गेला. पन्नाशीच्या आंत वाडी जळालेली पाहावी लागली. आणि ऐंशी उलटल्यावर, १९८५ सालीं, ज्याच्या खांद्यावर उद्योगांचा भार सोंपवावयाचा तो थोरला मुलगा चंद्रकांत त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. वृद्ध बापानें तरण्या मुलाला निरोप देणें यासारखें कठीण काम संसारांत दुसरें नाहीं. शंतनुराव त्यानंतरहि नातवंडांच्या पाठीशीं उभे राहिले. २४ एप्रिल १९९४ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्यामागें पुष्कळ बदललें. १९९७ मध्यें कोथरूडच्या कंपनींतील किर्लोस्करांचा भाग कमिन्सकडे गेला आणि पुढें तिच्या नांवांतून ‘किर्लोस्कर’ हा शब्द गळाला. उद्योगांचा कारभार नातवंडांत वांटला गेला. विहिरींवर वीज आली, पाण्यांत बुडून चालणारे पंप आले, आणि शिवारांतील तो ठक्-ठक् आवाज मंदावला. हें असेंच व्हावयाचें. नांगरानें इंजिनास वाट करून दिली. इंजिनहि दुसऱ्या कशास तरी वाट देईल. यंत्र अमर नसतें.

मग टिकतें काय? खडकीच्या ज्या रस्त्यावर हा कारखाना उभा राहिला, त्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांचें नांव आहे. मुलानें स्वतःचें नांव पुढें न करतां बापाच्या नांवाखालीं काम केलें, एवढें त्या पाटीवरून कळतें. परंतु पाटीहि एक दिवस गंजते. टिकते ती हातांतली संवय: माप चुकूं न देण्याची, बंद पडलेलें पुन्हां चालूं करण्याची, आणि ‘आपल्याला हें जमणार नाहीं’ असें कोणीं म्हटलें, कीं तें जमवून पाहण्याची. १८१७ सालीं खडकीस आपण हरलों, त्यामागें शौर्याची वाण नव्हती. परक्याची शिस्त, परक्याचें यंत्र आणि परक्याचा हिशेब आपल्यापेक्षां वरचढ होता. एकशें एकोणतीस वर्षांनीं त्याच भूमीवर एका मराठी यंत्रज्ञानें शिस्त, यंत्र आणि हिशेब या तिन्ही गोष्टी आपल्या माणसांच्या हातांत दिल्या. त्या लढाईंत कोणाचें रक्त सांडलें नाहीं, आणि तिचा जय विहिरीच्या कांठावर, पाटाच्या पाण्यांत वाहिला.